कुंडीतली अनोळखी मिरची ओळखायची कशी?

रोपाजवळ खोचलेली चिठ्ठी पुसली गेली, बी कुणी दिलं ते आठवत नाही, किंवा दुसऱ्याच झाडाच्या कुंडीत मिरचीचं रोप आपोआप उगवलं. कारण काहीही असो, आता झाड मिरच्यांनी लगडलंय आणि नाव माहीत नाही. अशा वेळी बहुतेक जण एक मिरची तोडून तळहातावर ठेवतात, फोटो काढतात आणि चार जाणत्यांना विचारतात. चौघांकडून चार नावं येतात. यात जाणत्यांचा दोष नाही. बोटभर लांब, लाल, टोकाला निमुळती मिरची देणारे वाण जगात शेकड्यांनी आहेत. तळहातावरच्या एका फळावरून त्यांच्यातला फरक सांगणं कुणालाच जमत नाही.

पण झाड तुमच्या डोळ्यांसमोर आहे, ही मोठी जमेची बाजू. विकत आणलेल्या मिरचीचं फूल आपण कधी पाहिलेलं नसतं. तुम्हाला मात्र ते रोज सकाळी दिसतं. म्हणून माझं पहिलं आणि कळकळीचं सांगणं हेच, की फळाकडे नंतर या, आधी फूल बघा. फुलावरून प्रजाती कळते, फळावरून प्रकार कळतो, आणि हे दोन्ही हाती आल्यावरच वाणाच्या नावाकडे वळायचं. हा क्रम उलटा केला की आधी नाव ठरतं आणि मग सगळी लक्षणं त्या नावात बसवायची ओढाताण सुरू होते.

आधी खात्री: ती मिरचीच आहे ना?

आपोआप उगवलेल्या किंवा नुसतं 'शोभेचं झाड' म्हणून घरी आलेल्या रोपाबाबत हा प्रश्न विचारायलाच हवा. 'जेरुसलेम चेरी' नावाचं मिरचीच्याच कुळातलं एक झुडूप आहे. त्याची गोल, तांबडी-नारिंगी फळं शोभेच्या गोल मिरचीसारखीच दिसतात, आणि ती विषारी असतात. त्याच्या शास्त्रीय नावाचाच अर्थ 'खोटी मिरची' असा आहे. ओळख सोपी आहे. फळ सुरीने आडवं कापा. मिरची आतून पोकळ असते, मधे पांढरा गाभा आणि त्याला चिकटलेल्या बिया असतात. जेरुसलेम चेरीचं फळ आतून टोमॅटोसारखं गराने भरलेलं असतं. गर दिसला तर ते फळ तोंडात घालू नका आणि मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

फळ पोकळ निघालं, म्हणजे झाड मिरचीचंच ठरलं, तरी शोभेचं म्हणून विकत आणलेल्या झाडाची पहिली फळं खाऊ नयेत. अशा झाडांवर खाण्याच्या पिकाला चालत नाहीत अशी औषधं फवारलेली असू शकतात.

मग एक वही उघडा

बी कधी पेरलं, पहिली कळी कधी दिसली, पहिलं फळ कधी रंगलं, एवढ्या तीन तारखा तरी लिहून ठेवा. फोटो तीन वेळा काढा: फूल उमललेलं असताना, फळ कच्चं असताना आणि पूर्ण पिकल्यावर. फुलाचा फोटो बाजूनेही काढा, कारण देठ सरळ आहे की वाकलेला हे समोरून दिसत नाही. कच्च्या फळाचा रंग आठवडाभरात निघून जातो आणि नंतर कितीही आठवलं तरी तो नक्की कोणता हिरवा होता हे सांगता येत नाही. मिरचीच्या वाणांची नोंद कशी करावी याची एक आंतरराष्ट्रीय लक्षणयादी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. जनुकपेढ्यांतले, म्हणजे पिकांचं बी जतन करणाऱ्या संस्थांतले, अभ्यासक तिच्या आधारे पान, फूल, फळ आणि बी अशी लक्षणं क्रमाने टिपतात. घरच्या एका झाडासाठी एवढा पसारा नको, पण त्यातली एक सवय उचलण्यासारखी आहे: लक्षण आधी लिहायचं, नाव नंतर ठरवायचं.

फूल

माणसाने लागवडीखाली आणलेल्या मिरचीच्या मुख्य प्रजाती पाचच आहेत: अ‍ॅन्युअम, फ्रुटेसेन्स, चायनेन्स, बॅकॅटम आणि प्युबेसेन्स. ढोबळ्या मिरचीपासून जगातल्या भयंकर तिखट मिरचीपर्यंत घरात लावली जाणारी जवळजवळ प्रत्येक मिरची या पाचांपैकी एकीत बसते. नावांच्या अर्थावर फार जाऊ नका. चायनेन्स म्हणजे 'चीनची', पण ती मुळात दक्षिण अमेरिकेतली. 1776 मध्ये याकविन या वनस्पतिशास्त्रज्ञाने गैरसमजातून तिला हे नाव दिलं आणि ते तसंच राहिलं. अ‍ॅन्युअम म्हणजे 'वर्षायू', पण थंडीने मरण्याची वेळ आली नाही तर ही झाडं दोन-तीन वर्षंही सहज जगतात. त्यामुळे 'झाड तीन वर्षांचं आहे, म्हणजे अ‍ॅन्युअम नसणार' हा तर्क चुकतो.

आता एक ताजं फूल निवडा. सकाळी, नुकतं उमललेलं असताना. वेळ मी मुद्दाम सांगतोय. फुलाच्या मधोमध बी धरणाऱ्या दांडीभोवती पाच-सहा छोटे लांबट कोश उभे असतात, ते परागकोश. त्यांचा रंग हा ओळखीचा मोठा दुवा आहे. पण दिवस चढला की कोश उभे चिरतात, आतली फिकट पिवळी पूड बाहेर येते आणि निळा-जांभळा कोशही पिवळसर दिसू लागतो. दुपारी पाहिलेल्या फुलावरून मी एकदा 'पिवळे परागकोश' असं लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगाखाली तेच कोश स्वच्छ जांभळट दिसले. त्या एका शब्दामुळे मी दोन आठवडे भलत्याच प्रजातीत नाव शोधत होतो. साधं भिंग पुरतं, फोनच्या कॅमेऱ्याने जवळून काढलेला फोटोही चालतो.

पहिला प्रश्न: पाकळ्यांच्या मुळाशी डाग आहेत का? पांढऱ्या पाकळीवर, फुलाच्या मध्याकडे, हिरवट-पिवळे किंवा तपकिरी ठिपके दिसले आणि परागकोश पिवळे असले, तर झाड बॅकॅटम. हे पाचांतलं सगळ्यात सोपं निदान आहे. 'अजी अमारिल्यो', 'लेमन ड्रॉप' आणि टोपीसारख्या आकाराची 'बिशप्स क्राऊन' ही याच प्रजातीतली. डागांचा ठळकपणा वाणागणिक बदलतो, म्हणून तीन-चार फुलं बघून मगच ठरवा.

दुसरा प्रश्न: फूल जांभळं आहे का? असेल तर पान बोटांत चोळून बघा. पानावर आणि कोवळ्या फांदीवर स्पष्ट लव जाणवली आणि फळ चिरल्यावर आत काळ्या, सुरकुतलेल्या बिया निघाल्या, तर झाड प्युबेसेन्स, म्हणजे 'रोकोतो' मिरची. काळं बी बाकीच्या चार प्रजातींत नसतं, त्यांचं बी गवताच्या काडीच्या रंगाचं असतं. पण बी फिकट निघालं तर जांभळ्या फुलाचं झाड बहुतेक अ‍ॅन्युअमच, कारण तिच्या काही शोभेच्या वाणांना जांभळी फुलं येतात. आजारी किंवा जास्त दिवस ठेवलेल्या फळातलं बीही काळपट पडतं, तेव्हा ताजं, निरोगी फळच चिरा.

डागही नाहीत आणि फूल जांभळंही नाही, तर उरल्या तीन: अ‍ॅन्युअम, फ्रुटेसेन्स आणि चायनेन्स. या तिघी एकमेकींच्या जवळच्या नातलग. खरी कसोटी इथेच लागते. आता पेरं मोजा. पेर म्हणजे जिथून पान आणि फांदी फुटते ती गाठ. एका पेरावर बहुतेक वेळा एकच फूल आणि पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्या असतील, तर कौल अ‍ॅन्युअमकडे. एका पेरावर दोन, तीन किंवा जास्त फुलं, पाकळ्यांत हिरवट झाक आणि देठ खाली झुकलेला, तर चायनेन्स. फुलाचा देठ सरळ वर उभा, पण टोकाशी कोपरासारखा वळून फुलाने मात्र मान खाली घातलेली, आणि पाकळ्या हिरवट, तर फ्रुटेसेन्स.

यातलं एकेकटं लक्षण पुरावा म्हणून धरू नका. अ‍ॅन्युअममध्येही झुबक्याने फुलणारे वाण आहेत. दोन-तीन लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवायला लागली, की मगच प्रजाती लिहा.

देठाची टोपी

फुलाने निर्णय लागला नाही, तर पिकलेल्या फळाच्या डोक्यावरची हिरवी टोपी बघा. जिथे देठ टोपीला जोडलेला असतो, तिथे टोपीभोवती दोरा आवळल्यासारखी वळी दिसते का? ती चायनेन्सची खूण. 'हाबानेरो', 'स्कॉच बॉनेट' यांच्या फळावर ही वळी नखाने चाचपूनही कळते. टोपी गुळगुळीत असेल तर अ‍ॅन्युअम किंवा फ्रुटेसेन्स. आता पिकलेलं फळ हलकेच ओढा. टोपी आणि देठ झाडावरच राहिले आणि मऊ फळ तेवढं हातात आलं, तर फ्रुटेसेन्सची शक्यता वाढते. 'टबॅस्को' ही या प्रजातीतली सगळ्यात प्रसिद्ध मिरची. फळ देठासकटच तुटत असेल, तर बहुतेक अ‍ॅन्युअम.

एक सावधगिरी इथे हवीच. छोटी, वर तोंड करून उभी राहणारी मिरची दिसली की तिला सरसकट फ्रुटेसेन्स म्हणायची पद्धत पडली आहे. शोभेच्या बहुतेक मिरच्या तशाच उभ्या, छोट्या आणि झुबकेदार असतात, आणि त्या अ‍ॅन्युअम असतात.

या रेघा अगदी पक्क्याही नाहीत. 2007 मध्ये गिनीज बुकाने जगातली सगळ्यात तिखट म्हणून नोंदवलेली भूत जोलोकिया चायनेन्समध्ये धरली जाते, पण तिच्यात फ्रुटेसेन्सचाही अंश सापडला आहे. तुमच्या झाडाची लक्षणं दोघींत विभागली गेली, तर ती तशीच लिहून ठेवा. मुरडून एका खान्यात कोंबू नका.

फळ

प्रजाती ठरली की बाकीचं काम फळावर. पहिलीच दोन-चार फळं मोजू नका. ती बहुधा लहान किंवा वेडीवाकडी येतात. दुसऱ्या तोडणीची चांगली दहा फळं घ्या, देठ सोडून लांबी मोजा, सगळ्यात रुंद जागी रुंदी मोजा आणि सरासरी काढा. एक मिरची आडवी कापून सालीची जाडी आणि आतले कप्पे बघा. दोन कप्प्यांची पातळ सालीची मिरची सहज वाळते, तीन-चार कप्प्यांची जाड सालीची वाळवायला गेलं की बुरशी धरते.

रंगांची साखळी पूर्ण लिहा. कच्ची हिरवी, मग लाल, हा सगळ्यात सामान्य प्रवास, म्हणून त्याने फारसं काही सिद्ध होत नाही. पण कच्ची मिरची मुळातच फिकट पिवळी किंवा काळपट जांभळी असेल, किंवा हिरवी-जांभळी-नारिंगी-लाल अशी वळणं घेत पिकत असेल, तर शोधाचं वर्तुळ एकदम आवळतं. चॉकलेटी रंगाचंही तसंच. पिकताना लाल रंग येतो पण आतला हिरवा रंग निघून जात नाही, त्या दोघांच्या मिश्रणाने फळ तपकिरी दिसतं. हा गुण काही ठरावीक वाणांतच असतो. मात्र घाई नको. पिकायला उशीर करणारं फळ पाहून 'ही हिरवीच राहणारी जात' असं ठरवून टाकणारे पुष्कळ आहेत. फळ मऊ पडेपर्यंत किंवा रंग स्थिरावेपर्यंत दोन-चार फळं झाडावरच राहू द्या. चायनेन्सच्या झाडांना तर अ‍ॅन्युअमपेक्षा बरेचदा महिनाभर जास्त लागतो.

सालीकडे बघा. उभ्या-आडव्या बारीक भेगा भरून आल्यासारख्या फिकट खरखरीत रेघा दिसल्या, तर ते बहुधा रोग नसून 'हालापेन्यो' प्रकाराचं लक्षण आहे. साल सुरकुतलेली, फळ लांब आणि बारीक असेल, तर 'केयेन', 'ज्वाला', 'ब्याडगी' अशा वाणांच्या गोतावळ्यात शोध घ्यायचा. टोकाला बारीक नांगी असेल, तर चायनेन्समधल्या 'स्कॉर्पियन' प्रकारांकडे बघायचं. कंदिलासारखा चुणीदार आकार 'हाबानेरो'चा, आणि दाबून बसवलेल्या टोपीसारखा 'स्कॉच बॉनेट'चा.

वासाला विसरू नका. चिरलेल्या मिरचीतून पिकलेल्या फळासारखा गोडसर, जर्दाळूची आठवण करून देणारा वास आला तर तो चायनेन्सचा ठसा आहे. ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा, पाल्याचा वास अ‍ॅन्युअमचा. सवय झाली की ही खूण नाकाला आपोआप कळते.

तिखटपणा

तिखटपणाने वाण ओळखता येतो, असं नवख्यांना वाटतं. खरं तर हे सगळ्यात डळमळीत लक्षण आहे. पाण्याचा ताण, उन्हाचा कडाका आणि फळाची जागा यांनी एकाच झाडाच्या दोन मिरच्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 मध्ये बेतलेल्या तिखटपणाच्या मोजपट्टीवर 'हालापेन्यो' साधारण 2,500 ते 8,000 आणि 'हाबानेरो' 1 लाख ते 3.5 लाख इतका येतो. एकाच प्रकाराची व्याप्तीच एवढी मोठी आहे. जिभेने फक्त 'अजिबात नाही, सौम्य, तिखट, सहन न होणारी' एवढ्या चार पायऱ्या लावता येतात, आणि तेवढं पुरेसं आहे.

चाखायचं तर रीतीने. हातमोजे घाला. तिखटाचा साठा बियांत नसतो, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात आणि शिरांत असतो. म्हणून टोकाकडचा, गाभा नसलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्या, जिभेच्या टोकाला लावा आणि दोन मिनिटं थांबा. चायनेन्सचा जाळ उशिरा चढतो आणि घशाकडे रेंगाळतो. 'काहीच नाही' म्हणून लगेच दुसरा मोठा तुकडा खाणाऱ्याची गत फार वाईट होते. जवळ दूध किंवा दही ठेवा, पाण्याने आग शमत नाही. लहान मुलांना हा प्रयोग करू देऊ नका.

नावाकडे वळताना

आता वहीत सात-आठ ओळी जमल्या असतील. मिसाल म्हणून, 'अ‍ॅन्युअम, फळ खाली लोंबणारं, 9 सेंटिमीटर लांब, 1 सेंटिमीटर रुंद, कच्चं पोपटी, पिकून लाल, साल पातळ, सुरकुतलेली, दोन कप्पे, तिखट'. ही ओळ घेऊन वाणांच्या वर्णनाशी ताडून बघा. जुळणाऱ्या गोष्टी शोधू नका, न जुळणारी शोधा. दहा गोष्टी जुळल्या आणि फुलावरचा डाग जुळला नाही, तर ते नाव खोडायचं. लांबी दोन सेंटिमीटरने कमी भरली, तर खोडायची गरज नाही. लहान कुंडीत फळ लहानच येतं. डाग, बीचा रंग, टोपीवरची वळी ही लक्षणं कुंडी बदलून बदलत नाहीत. आकारमान, तिखटपणा आणि झाडाची उंची बदलते.

नावांच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. 'लवंगी' म्हटलं की आपल्याकडे छोटी आणि झणझणीत अशी कुठलीही मिरची डोळ्यांसमोर येते. 'बर्ड्स आय' या इंग्रजी नावाचंही तेच. ही वर्णनं आहेत, एका वाणाची नावं नव्हेत. त्यामुळे 'लवंगीसारखी' असं लिहिणं प्रामाणिक, 'लवंगीच' असं लिहिणं धाडसाचं.

आणि कधीकधी नाव नसतंच. संकरित मिरचीचं बी राखून पेरलं, की पुढच्या पिढीत गुण फुटतात आणि एकाच फळाच्या बियांतून वेगवेगळी झाडं निघतात. मी एका पाकिटातल्या बियांपासून तीन रोपं केली होती. पाकिटावर लांब पिवळी मिरची होती. दोन झाडांना लांब लाल मिरच्या लोंबल्या, तिसऱ्याच्या मिरच्या आखूड आणि आकाशाकडे तोंड करून उभ्या. त्यांना शोधून सापडेल असं कुठलंच नाव नव्हतं. मिरचीत लाल रंग पिवळ्यावर, लोंबणं उभं राहण्यावर आणि तिखटपणा तिखट नसण्यावर मात करतो. त्यामुळे पहिल्या संकरात दबलेले गुण पुढच्या पिढीतल्या काही झाडांत असे अचानक वर येतात.

इथेच एक गैरसमजही दूर करून टाकू. 'शेजारी तिखट मिरची लावली म्हणून माझी ढोबळी मिरची यंदा तिखट झाली' हे खरं नाही. फळाची साल आणि गाभा आईच्या झाडाचा असतो. मधमाशीने आणलेल्या परागाचा परिणाम बियांत उतरतो आणि तो पुढच्या हंगामात, ते बी पेरल्यावर दिसतो. यंदाच फळ वेगळं आलं असेल, तर भेसळ मागच्या वर्षीच्या बियांतच झालेली आहे.

म्हणून नाव सापडलं नाही किंवा सापडलेल्या नावाबद्दल शंका राहिली, तर झाडालाच विचारायचं. उमलायच्या आधीच्या चार-पाच कळ्यांवर पातळ जाळीची छोटी पिशवी चढवा आणि तोंड सैल बांधा. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, फक्त रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा. फळ धरल्याचं दिसलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे चुकून तोडलं जाणार नाही. फळ पूर्ण पिकून किंचित मऊ झाल्यावर बी काढा, सावलीत वाळवा आणि पुडीवर नावाच्या जागी वहीतली ती ओळ उतरवा. पुढच्या हंगामात त्यातली निदान सहा रोपं लावा. सहाही आईसारखीच निघाली तर तुमच्याकडे बहुधा स्थिर वाण आहे आणि नावाचा शोध चालू ठेवण्यात अर्थ आहे. सहा सहा तऱ्हेची निघाली तर ते संकराचं बी. मग त्यातलं आवडलेलं झाड निवडा, त्याच्या कळ्यांवर पुन्हा पिशव्या चढवा आणि पुडीवर घरातल्या कुणाचं तरी नाव लिहा.